बोकड सोलण्याची सुरी कशी निवडावी: पात्याच्या आकारापासून पहिल्या धारेपर्यंत

आखाडात किंवा जत्रेच्या दिवशी वाट्यांसाठी बोकड पाडला जातो, तेव्हा सोलायला उभे राहिलेल्यांच्या हातात बहुतेक वेळा चुकीची सुरी असते. ती लांब, टोकदार, जाड आणि चकचकीत असते, आणि दुकानात ती याच चार गुणांवर पसंत केलेली असते. मग कातड्याला भोके पडतात, मांसावर केस चिकटतात, मांडीवर सुरीचे ओरखडे उमटतात आणि कोणाच्या तरी डाव्या अंगठ्याला चिंधी बांधावी लागते. खानापूर, आटपाडी आणि माण या भागांतल्या ओळखीच्या लोकांनी मला अनेकदा विचारले आहे की, भारीतली सुरी घेऊनही काम इतके जड का जाते. निवडीचा क्रम उलटा झालेला असतो, हे त्याचे उत्तर आहे. आधी काम, मग आकार, मग जाडी, मग पोलाद, मग मूठ आणि शेवटी धार, या क्रमाने गेल्यास चूक होण्याला फारशी जागा उरत नाही.

हा लेख बोकड, शेळी आणि मेंढा यांच्यापुरता आहे. वन्यप्राण्यांची शिकार वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये गुन्हा आहे, आणि चांदोली, कोयना किंवा सागरेश्वरच्या आसपास राहणाऱ्यांना ते वेगळे सांगायला नको. तरीही शिकारीच्या सुऱ्यांचा उल्लेख करावा लागतो, कारण परदेशी जाहिराती पाहून त्या मागवणारे पुष्कळ आहेत. मोठ्या हरणाचे जाड कातडे रानात, जनावर जमिनीवर पडलेले असताना, एकाच सुरीने काढायचे आणि त्याच सुरीने सांधेही मोकळे करायचे, या गरजेतून त्या घडल्या आहेत. आपल्याकडे बोकड टांगलेला असतो, शेजारी पाण्याची घागर असते आणि हाडांसाठी सत्तूर वेगळा असतो. शिकारीच्या सुरीचा पोटाकडे गोलावणारा आकार आपण जरूर घ्यावा, तिची जाडी मात्र घेऊ नये.

पूर्वतयारी: दुकानात जाण्याआधी

पहिली गोष्ट म्हणजे आपल्याकडे कोणते जनावर जास्त येते ते लिहून काढावे. उस्मानाबादी किंवा गावठी बोकडाचे केस आखूड असतात, त्यामुळे पाते केसांत फारसे अडकत नाही. माडग्याळ मेंढ्याचे अंग मोठे असते, लोकरीत माळरानाची माती आणि बारीक खडे बसलेले असतात, आणि त्या खड्यांवरून सुरी एकदा फिरली की धार गेलीच. शिवाय मेंढ्याचे कातडे बोकडाच्या कातड्यापेक्षा लवकर फाटते. दुसरी गोष्ट म्हणजे वर्षातून किती वेळा सोलायचे आहे. वर्षातून तीन-चार बोकड करणारा आणि रोज चार बोकड करणारा दुकानदार यांनी एकच सुरी घेण्याचे कारण नाही. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे आणि तीच कोणी विचारात घेत नाही: आपल्याकडे धार लावायला काय आहे, आणि ती लावतो कोण?

ज्या सुरीला आपल्याला स्वतः धार लावता येत नाही ती सुरी, कितीही उत्तम असली तरी, आपली नव्हे. पुढच्या सगळ्या पायऱ्यांत हा निकष धरून चालावे.

पायरी १: एका सुरीवर एकच काम सोपवा

सोलण्याची सुरी फक्त कातडे आणि मांस यांमधला पापुद्रा कापते. मान कापणे, सांधे मोकळे करणे, हाडे तोडणे आणि खिमा करणे ही तिची कामे नव्हेत. त्यामुळे किमान तीन हत्यारे लागतात: सोलायला आखूड गोलपोटी सुरी, हाडावरून मांस काढायला अरुंद सरळ सुरी आणि तोडायला सत्तूर. पैसे कमी असतील तर सत्तूर साधा घ्यावा, उधार आणावा, पण सोलण्याच्या सुरीत काटकसर करू नये.

सावधान: सोलण्याच्या सुरीने एकदा जरी बरगडीवर घाव घातला, तरी पातळ धारेला नखाएवढा दाता पडतो. तो दाता घासून काढण्यासाठी संपूर्ण पाते मागे घ्यावे लागते.

पायरी २: पात्याचा आकार

या पायरीवर सर्वांत जास्त वेळ द्यावा. सुरी आडवी धरून तिच्या धारेकडे पाहावे. मुठीपासून निघालेली धार साधारण अर्ध्यापर्यंत सरळ जाऊन पुढे टोकाकडे सुबक वळणाने वर चढली पाहिजे. या वळलेल्या भागाला मी पोट म्हणतो. सोलताना मनगट फिरते, आणि फिरणाऱ्या मनगटाबरोबर पोटाचा एकेक भाग पापुद्र्याला लागत जातो, म्हणून कापण्याची क्रिया घसरत, सलग होते. सरळ धारेच्या सुरीत हे होत नाही. तिथे पापुद्र्याला फक्त टोक लागते आणि टोक लागले की ते एकतर कातड्यातून बाहेर येते किंवा मांसात रुतते.

टोकाबद्दल आणखी एक गोष्ट. पहिला छेद देण्यासाठी थोडे टोक लागतेच, म्हणून पूर्ण बोथट गोल तोंडाची सुरी नवख्याने घेऊ नये. पण सुईसारखे टोक त्याहून वाईट. टोक पाठीच्या रेषेच्या थोडे खाली किंवा तिच्या बरोबरीला असावे. ते पाठीच्या बरेच वर उचललेले असेल, तर अशा सुरीचे पोट मोठे मिळते आणि बाजूचे कातडे झपाट्याने सुटते, परंतु पोटावरचा मधला छेद देताना ते टोक कुठे आहे याचा अंदाज राहत नाही. सरावलेल्या हाताला ती चालते.

लांबी ४ ते ५ इंच पुरे. टांगलेल्या बोकडाच्या पुढच्या पायाच्या खाकेत किंवा शेपटीच्या मुळाशी हात फिरवायला जागा कमी असते. तिथे ७-८ इंचांचे पाते शिरले, तर त्याचा पुढचा भाग आपल्या नजरेआड काम करत असतो. आमच्या घरच्या एका जावळाच्या कार्यक्रमात मी स्वतः अशी लांब सुरी वापरली होती. नजर बोटांपाशी होती आणि टोक पुढे कोथळ्यात घुसले. आतला हिरवट पाला मांडीवर सांडला, ती सगळी मांडी धुऊन, कापून बाजूला काढावी लागली, आणि पाहुण्यांच्या पंगतीला तेवढे मटण कमी पडले. त्या दिवसापासून ५ इंचांच्या वर मी गेलेलो नाही. रोज काम करणारे खाटीक ६ इंचांचे पाते वापरतात आणि त्यांच्या हातात ते शोभते, कारण त्यांना टोकाची जागा न पाहता कळते.

तपासा: सुरी पाटावर आडवी ठेवून धार पाटाला टेकवा आणि मूठ हळूहळू वर उचला. धारेचा टेकलेला बिंदू मागून पुढे सलग सरकत गेला पाहिजे. मध्येच तो उडी मारून पुढे गेला, तर वळण तुटक आहे. अशी सुरी परत ठेवावी.

पायरी ३: जाडी आणि उतार

जाड पाते म्हणजे मजबूत पाते, हा समज सत्तुराच्या बाबतीत खरा आहे. सोलण्याच्या सुरीची पाठ मुठीजवळ २ ते २.५ मिलिमीटर जाड असावी, फार तर ३. शिकारीच्या म्हणून विकल्या जाणाऱ्या कित्येक सुऱ्यांची पाठ ४ ते ५ मिलिमीटर असते, कारण त्यांनी सांध्यात पीळ सहन करावा अशी अपेक्षा असते. ती जाडी पापुद्र्यात पाचरीसारखी अडते.

पाठीपेक्षाही धारेच्या लगेच वरची जाडी जास्त महत्त्वाची आहे, आणि ती डोळ्यांना दिसत नाही. अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत पाते धरून पाठीकडून धारेकडे सावकाश सरकवावे, आणि धारेच्या आधी थांबावे. चिमूट एकसारखी बंद होत गेली, तर उतार चांगला. पाठीपासून बराच खाली येईपर्यंत जाडी तशीच राहिली आणि शेवटच्या ४-५ मिलिमीटरमध्ये एकदम उतार दिला असेल, तर त्या सुरीला कितीही धार लावली तरी ती कापण्यापेक्षा फाडेल.

पात्याची रुंदी २५ ते ३५ मिलिमीटर ठीक. त्याहून अरुंद पाते कातड्यावर सपाट टेकून राहत नाही आणि हातात डुलते.

पायरी ४: पोलाद

दुकानदार इथे मोठे मोठे शब्द वापरतात. आपल्याला तीन प्रकार ओळखता आले की पुरते.

पहिला प्रकार लोहाराने घडवलेला कमानपाटा. ट्रकच्या कमानीचे पोलाद सहसा सिलिकॉन-मँगॅनीजचे असते. नीट घडवले आणि नीट कडक केले तर त्याला साध्या दगडावर झटपट धार लागते. ते गंजते, हा त्याचा दोष. अडचण बहुधा पोलादात नसून पाणी देण्यात असते. तापवलेले पाते थेट पाण्यात बुडवले, तर या पोलादाला बारीक तडा जाण्याचा धोका असतो, म्हणून लोहाराला तेलात विझवायला सांगावे. चुंबक चिकटणे थांबते तो लाल रंग, म्हणजे सुमारे ७७० अंश सेल्सिअस. त्याच्या थोडे वर तापवून तेलात बुडवावे, आणि नंतर पाते पुन्हा हलके गरम करून त्यावर गवती पिवळा रंग आणावा. हा दुसरा ताव दिला नाही, तर पाते काचेसारखे ठिसूळ राहते. लोहारापुढे उभे राहून हे दोन प्रश्न विचारण्यात संकोच करू नये. चांगला कारागीर अशा प्रश्नांनी खूश होतो.

दुसरा प्रकार न गंजणाऱ्या पोलादाच्या तयार सुऱ्या. खाटकांसाठीच्या चांगल्या कारखानी सुऱ्यांत साधारण अर्धा टक्का कार्बन आणि १५ टक्क्यांच्या आसपास क्रोमियम असते, आणि त्यांची कठीणता रॉकवेल मापावर ५५ ते ५७ राहते. या सुऱ्यांची धार लवकर दबते, पण तितक्याच लवकर परत येते. वर्षातून थोडे बोकड करणाऱ्या घरासाठी माझी पहिली शिफारस हीच आहे. मीठ, रक्त आणि पाणी यांच्यात दिवसभर राहूनही ती टिकते, आणि रात्री घाईत नुसती पुसून ठेवली तरी सकाळी तांबडी झालेली नसते.

तिसरा प्रकार सातारा आणि कुपवाडच्या एमआयडीसीत काम करणाऱ्यांना चांगला माहीत आहे: टूलरूममधले एचसीएचसीआर, म्हणजेच डी-टू हे साच्यांचे पोलाद, किंवा पॉवर हॅक्सॉच्या (लोखंड कापणाऱ्या यांत्रिक करवतीच्या) जुन्या पात्यापासून घासून केलेली सुरी. डी-टूमध्ये सुमारे दीड टक्का कार्बन आणि १२ टक्के क्रोमियम असते, आणि ते झिजता झिजत नाही. एका धारेवर चार-पाच बोकड निघतात हे खरे, पण ती धार गेल्यावर घरच्या दगडावर तास-तास घासूनही ती येत नाही. हॅक्सॉचे पाते तर हाडाला आडवे लागले की टवका उडतो. हिऱ्याची पट्टी जवळ असेल आणि हात बसलेला असेल, तरच या वाटेला जावे.

तपासा: न गंजणारी म्हणून दिलेली सुरी चुंबकाला चिकटते का ते पाहा. चिकटली नाही, तर ते पोलाद ताटा-वाट्यांचे आहे. ते तापवून-विझवून कडक करता येत नाही आणि त्यावर धार टिकणार नाही. चिकटली, तर एवढेच कळते की कडक करता येण्याजोगे पोलाद असावे. ते खरोखर कडक केले आहे का, यासाठी विकणाऱ्याच्या परवानगीने मुठीजवळच्या धारेवर नवी कानस हलकेच फिरवावी. कानस घसरत गेली किंवा अगदी किंचित चावली, तर ठीक. मऊ लोखंडावर चालते तशी ती खोल रुतली, तर सुरी कच्ची आहे.

पायरी ५: मूठ

सोलताना दहा मिनिटांत हात चरबीने माखतो, आणि बोकडाची चरबी थंड होताच मेणासारखी चिकट-घसरडी होते. म्हणून मूठ कोरड्या हाताने पारखू नये. दुकानात खोबरेल तेलाचे दोन थेंब तळहाताला लावून मूठ धरण्याची मुभा मागावी. मी तशी मागतो आणि आजवर कोणी नाही म्हटलेले नाही.

मुठीची लांबी आपल्या चार बोटांच्या रुंदीपेक्षा दीड-दोन सेंटिमीटर जास्त असावी. पुढच्या बाजूला, म्हणजे पाते सुरू होते तिथे, बोट अडेल असा उंचवटा हवाच. तो नसेल तर टोक हाडाला अडताच हात पुढे घसरून धारेवर येतो, आणि या कामातल्या सर्वांत वाईट जखमा अशाच होतात. लाकडी मूठ हाताला सुखद असते. पण लाकूड आणि पाते यांच्यात नख शिरेल एवढी फट असेल, तर तिथे रक्त साचून कुजते. शिसवी मूठ, पितळी रिबिटा आणि मुठीच्या शेवटापर्यंत गेलेले पोलाद अशी रचना मिळाली तर घ्यावी. नसेल तर खडबडीत प्लास्टिकची, पात्यावरच ओतलेली मूठ अधिक स्वच्छ राहते. पितळी नक्षी, शिंगाची मूठ, दोऱ्याचे वेष्टन या सगळ्या गोष्टी भिंतीवर शोभतात. त्या सुऱ्या धुता येत नाहीत.

सावधान: मुठीत फक्त दोन-अडीच इंच खोचून लाखेने बसवलेले पाते जत्रेच्या दुकानांत सर्रास मिळते. गरम पाण्यात दोन वेळा धुतले की ते हलायला लागते.

पायरी ६: पैसे देण्याआधीची शेवटची नजर

सुरी डोळ्यासमोर सरळ धरून पाठीवरून आणि मग धारेवरून पाहावे. दोन्ही रेषा सरळ हव्यात. उजेडाकडे धार करून पाहिल्यास तिच्यावर पांढरा चकचकीत ठिपका किंवा रेष दिसत असेल, तर तिथे धार नाही. नवीन सुरीत हे चालते, कारण धार आपण लावणार आहोत. निळा-जांभळा डाग मात्र चालत नाही. धारेजवळ निळा रंग म्हणजे तिथले पोलाद ३०० अंशांच्या आसपास तापले होते आणि त्याची कठीणता उतरली आहे.

पायरी ७: पहिली धार

नवीन सुरीची कारखान्यातली धार कामाची मानू नये. एका बाजूला खरबरीत आणि दुसऱ्या बाजूला बारीक असलेला कार्बोरंडमचा दगड कोणत्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतो, आणि तो बहुतेकांना पुरतो.

दगड ओल्या गोणपाटावर ठेवावा, म्हणजे सरकणार नाही. त्यावर पाणी ओतावे. पाते दगडावर अशा कोनात धरावे की प्रत्येक बाजूला सुमारे १८ ते २० अंश होतील. कोन मोजायला एक सोपी युक्ती आहे. कागदाचा काटकोनी कोपरा दुमडून ४५ अंश करावा, पुन्हा दुमडून साडेबावीस करावा आणि पाते त्याहून थोडे खाली ठेवावे. पाते २५ मिलिमीटर रुंद असेल, तर पाठ दगडापासून साधारण ८ मिलिमीटर उचललेली राहते.

खरबरीत बाजूवर एकाच अंगाने घासत राहावे, जोवर दुसऱ्या अंगाला, मुठीपासून टोकापर्यंत, बोटाला बारीक कूस लागत नाही. एमआयडीसीतली मुले तिला बर म्हणतात. बोट धारेच्या लांबीने कधीच फिरवू नये. पाठीकडून धारेकडे, आडवे, बाहेर सोडत फिरवावे. कूस पूर्ण लांबीला आल्याशिवाय दुसरी बाजू घ्यायची नाही. लोक इथेच घाई करतात, मोजून दहा-दहा वेळा दोन्ही बाजू घासतात आणि धार का येत नाही म्हणून दगडाला दोष देतात.

सोलण्याच्या सुरीत आणखी एक खास चूक होते. दगडावरून सुरी ओढताना पोटाचे वळण आले की मूठ थोडी थोडी वर उचलत जावी लागते. ती उचलली नाही, तर सरळ भाग तेज होतो आणि वळण बोथटच राहते. म्हणजे कांदा छान कापला जातो, पण ज्या भागाने सोलायचे तो भाग मेलेला. माझ्याकडे दाखवायला आणलेल्या सुऱ्यांत हा दोष मला सर्वांत जास्त वेळा दिसला आहे.

दोन्ही बाजूंची कूस उठवून झाली की दगड उलटून बारीक बाजूवर तेच काम हलक्या हाताने करावे, आणि शेवटी एकेक फेर आलटून-पालटून, जवळजवळ पात्याच्या वजनानेच. उरलेली कूस जुन्या कमरेच्या चामडी पट्ट्याच्या खरबरीत बाजूवर, धार मागे ठेवून, पंधरा-वीस वेळा ओढून काढावी.

तपासा: अंगठ्याच्या नखावर धार अलगद, दाब न देता, तिरकी टेकवा. ती तिथेच थांबली पाहिजे. घसरली तर त्या भागाला धार नाही. मुठीजवळ, मध्ये, वळणावर आणि टोकाशी अशा चार ठिकाणी हे करावे. वळणावर घसरत असेल, तर मागच्या परिच्छेदाकडे परत जावे.

सावधान: कोरड्या फिरत्या चाकावर धार लावून घेताना ठिणग्यांचा फवारा उडू लागला की समजावे, धारेचे पोलाद भाजले जात आहे. बाजारात एकाने माझी घरची जुनी कमानपाट्याची सुरी अशीच दोन मिनिटांत निळी करून हातात दिली. वळणावरचा ३ मिलिमीटर भाग घासून काढल्यावर ती पुन्हा कामाला आली. चाकावर द्यायचीच असेल, तर पाण्याचे चाक असलेल्या अनुभवी शिकलगाराकडे द्यावी आणि प्रत्येक फेरीला पाते पाण्यात बुडवायला सांगावे.

लोखंडी सळईवर सुरी ओढली की धार लागते, हाही गैरसमज आहे. सळई वाकलेली धार सरळ करते. ती बोकडागणिक तीन-चार वेळा वापरावी. धार पूर्ण गेल्यावर तिचा उपयोग होत नाही.

पायरी ८: पहिल्या बोकडावर पारख

नगरपालिका किंवा महापालिकेच्या हद्दीत जनावर मान्यताप्राप्त कत्तलखान्यातच कापावे लागते, हे आधी लक्षात घ्यावे. आपोआप मेलेले जनावर कधीही सोलायला घेऊ नये. नाका-तोंडातून काळपट रक्त आलेले असेल, तर ती काळपुळी असू शकते, आणि असे शव उघडणेच माणसाच्या जिवावर बेतते; पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवावे. तोंडावर मावा या रोगाच्या खपल्या असतील, तर हातमोजे घालावेत. हातावर जखम असल्यास ती आधी झाकावी.

बोकड मागच्या पायांवर टांगल्यावर टाचेवरची घोडशीर शाबूत ठेवावी, कारण सगळे वजन तिच्यावर असते. पायाभोवती गोल छेद देताना नवीन तेज सुरी तिथेच जास्त खोल जाते आणि बोकड खाली येतो. त्यानंतर एका मागच्या पायाच्या आतल्या बाजूने दुसऱ्या पायापर्यंत, मग तिथून मधोमध खाली छातीपर्यंत छेद द्यावा. छेद देताना धार बाहेर ठेवून, पाते कातड्याखाली घालून, आतून बाहेर कापावे. बाहेरून आत कापले की केस तुटून मांसावर पडतात, आणि ते नंतर धुऊनही निघत नाहीत.

मागचे पाय मोकळे झाल्यावर सुरीची खरी पारख होते. डाव्या हाताने कातडे ताणून धरले की मांस आणि कातडे यांच्यामध्ये पांढरट, जरा निळसर झाक असलेला पापुद्रा दिसतो. सुरीचे पोट त्याच्यावर सपाट टेकवून नुसते मनगट फिरवावे. सुरी योग्य असेल तर कागद सुटताना होतो तसा बारीक सर्र आवाज येतो आणि पापुद्रा पात्यापुढे आपोआप उघडत जातो. करवतीसारखी पुढे-मागे करावी लागली, तर धार कमी आहे. पाते वर-खाली डोलले, तर ते अरुंद आहे किंवा मूठ बारीक आहे. हे निरीक्षण काम संपल्यावर विसरायला होते, म्हणून त्याच दिवशी लिहून ठेवावे.

बाजूचे आणि पाठीचे कातडे सुरीने काढूच नये. धुतलेल्या हाताची मूठ वळून ती कातडे आणि मांस यांच्यात घालून दाबत गेले की ते सुटते. सुरी फक्त शेपटीचे मूळ, खाक, छातीचा मध्य आणि मान इथे लागते. ज्या हाताने केसांची बाजू धरली तो हात धुतल्याशिवाय मांसाला लावू नये. काही जण कातडे सुटावे म्हणून पायातून तोंडाने हवा फुंकतात. त्यामुळे आपल्या तोंडातले जंतू थेट मांसावर जातात.

एवढी काळजी कातड्यासाठी कशाला, असे विचारले जाते. आमच्याकडे हलगीला बोकडाचेच कातडे लागते, आणि ती शेकोटीवर तापवून ताणली जाते. सुरीचा जेमतेम गव्हाएवढा चिरा असला, तरी ताण बसताच तिथूनच ते फाटते. भोक पडलेले कातडे हलगीवाला हातात घेऊन उजेडाकडे धरतो आणि न बोलता परत देतो. मला ते फार लागते. कातडे ठेवायचे असेल, तर काढल्यावर लगेच मांसाची बाजू वर करून पसरावे आणि त्याच्या वजनाच्या जवळजवळ निम्मे मीठ कडेपर्यंत चोळावे.

पायरी ९: धुणे, नेणे, ठेवणे

सुरी आधी गार पाण्याने धुवावी. थेट उकळते पाणी ओतले, तर रक्त मुठीच्या सांध्यात शिजून घट्ट बसते. मग साबण, मग कडक गरम पाणी. कत्तलखान्यांत यासाठी ८२ अंश सेल्सिअसचे पाणी वापरतात. एकाहून अधिक बोकड असतील, तर दोन सुऱ्या आळीपाळीने वापराव्यात, म्हणजे एक गरम पाण्यात असताना दुसरी हातात राहते. कमानपाट्याच्या सुरीला पुसून झाल्यावर खोबरेल तेलाचे बोट फिरवावे. चामड्याच्या म्यानात ती महिनोन्‌महिने ठेवू नये. चामडे ओल धरते.

जत्रेला नेताना सुरी कमरेला लावून किंवा दुचाकीच्या हँडलच्या पिशवीत नेऊ नये. जत्रा-सणांच्या काळात जिल्ह्यात महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खालचे मनाईहुकूम अनेकदा लागू असतात. शस्त्र नियमांत ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्यांचा वेगळा उल्लेख आहे, आणि घरगुती किंवा शेतीच्या कामासाठी घडवलेली हत्यारे त्यातून वगळलेली आहेत. आपली ५ इंचांची सुरी त्या मापाच्या आतच राहते. तरीही पात्यावर पुठ्ठ्याचे आवरण बांधून ती सत्तूर, दगड आणि दोरीसह पत्र्याच्या डब्यात, सामानाच्या तळाशी ठेवावी. डब्यात पाते दगडाला लागणार नाही असे एक जाड फडके मध्ये घालायला विसरू नये, नाहीतर आटपाडीहून गावी पोहोचेपर्यंत आदल्या रात्रीची सगळी धार खडबडीत रस्त्यावरच उतरलेली असते.